ग्रामीण शाळेतील परदेशी सहायक : घानाचा अनुभव

परदेशातील एखाद्या ग्रामीण शाळेत काही काळ विनावेतन किंवा अल्प मानधनावर शिकविण्यास मदत करणे, हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेचा सर्वांत परिचित प्रकार होय. त्याविषयीची चर्चा मात्र बहुधा जाणाऱ्या व्यक्तीभोवतीच फिरते. कोणी तिच्या त्यागाचे कौतुक करतो, तर कोणी तिला हौशी पर्यटक ठरवितो. ज्या वर्गात ती जाऊन उभी राहते त्या वर्गातील मुलांच्या शिक्षणात नेमकी किती भर पडली, आणि तेवढीच भर अन्य मार्गाने कमी खर्चात पडली असती काय, हे प्रश्न मागे राहतात. विकासाच्या अर्थशास्त्रात महत्त्व आहे ते याच प्रश्नांना.

त्यांची उत्तरे शोधण्यासाठी पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. सरकारी पातळीवरील परदेशी स्वयंसेवक-शिक्षकांची परंपरा तेथे १९६१ पासूनची आहे. पुढे २०१० नंतर याच देशाने गावातील तरुणांना प्राथमिक शाळांत सहायक म्हणून नेमण्याचा प्रयोग केला व त्याचे शास्त्रशुद्ध मोजमापही करून घेतले. या दुसऱ्या प्रयोगाची मूळ कल्पना मुंबईच्या महापालिका शाळांतून तेथे गेली होती.

शिक्षकांची तूट कशी निर्माण झाली?

घाना ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाला. परंतु तेथील शिक्षणविस्ताराला त्यापूर्वीच प्रारंभ झालेला होता. क्वामे एन्क्रुमा यांच्या नेतृत्वाखालील अंतर्गत स्वायत्ततेच्या काळात, १९५१ मध्ये, वेगवान शिक्षणविकास योजना आखण्यात आली आणि प्राथमिक शाळांतील शिक्षणशुल्क रद्द झाले. १९६१ च्या शिक्षण कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. माध्यमिक शाळांची संख्या वाढविण्यासाठी स्वतंत्र न्यासही उभारण्यात आला.

इमारत वर्षभरात उभी राहते. पदवीधर शिक्षक तयार होण्यास मात्र पहिल्या इयत्तेपासून मोजल्यास पंधरा-सोळा वर्षे लागतात. घानातील पहिले विद्यापीठीय महाविद्यालय १९४८ साली निघाले होते. त्यामुळे गणित व विज्ञान शिकवू शकणारे पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि जे होते त्यांना नव्या राष्ट्राच्या प्रशासनात अधिक चांगली पदे खुली होती. मागणी एकाएकी वाढली आणि पुरवठा मात्र पंधरा वर्षे मागे राहिला, असे या तुटीचे स्वरूप होते. अशी तूट भरून काढण्याचा तात्पुरता मार्ग म्हणजे शिक्षकांची आयात.

ब्रिटनमध्ये १९५८ साली स्थापन झालेल्या ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ या संस्थेचे अगदी सुरुवातीचे काही स्वयंसेवक घानात गेले. ते शाळा नुकतीच संपविलेले, अठराच्या आसपासचे तरुण होते. पदवीधरांना पाठविण्यास या संस्थेने त्यानंतर काही वर्षांनी सुरुवात केली. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी ‘पीस कोअर’ची स्थापना केली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला सुमारे ५० स्वयंसेवकांची तुकडी अक्रा येथे उतरली. पीस कोअरच्या पहिल्या तुकड्यांपैकी ही एक. तिच्यातील सर्वांची नेमणूक माध्यमिक शाळांतील शिक्षक म्हणून झाली. ही बाब महत्त्वाची आहे, कारण घानाला तूट नेमकी तेथे जाणवत होती. भारतातही पीस कोअरचे काम १९६१ मध्ये सुरू झाले व १९७६ पर्यंत चालले.

जपानने १९६५ मध्ये आपले परदेश सहकार्य स्वयंसेवक दल उभारले. या दलाला २०१६ सालचा रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमाची स्थापना आमसभेने १९७० साली केली असून त्याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे. घानाने स्वतः १९७३ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. तिच्यानुसार पदवीधरांना एक वर्ष देशसेवा करावी लागते आणि त्यांपैकी पुष्कळांची रवानगी शाळांमध्ये होते. नावात साम्य असले तरी आपल्याकडील महाविद्यालयीन राष्ट्रीय सेवा योजनेशी तिची गल्लत करू नये. आपली योजना ऐच्छिक आहे, तर घानाची सेवा पदवीनंतर बंधनकारक आहे.

वर्गातील भाषा

घानातील शालेय रचनेत बालवाडीची दोन, प्राथमिकची सहा, कनिष्ठ माध्यमिकची तीन व वरिष्ठ माध्यमिकची तीन वर्षे येतात. शासनमान्य अशा ११ स्थानिक भाषा शाळांतून वापरल्या जातात. माध्यमाविषयीचे धोरण अनेकदा बदलले. तरीही पहिल्या तीन इयत्तांत स्थानिक भाषेचा आधार घ्यावा आणि चौथीपासून इंग्रजीकडे वळावे, अशी साधारण दिशा दीर्घकाळ राहिली. उत्तरेकडील तमाले परिसरातील मूल घरी दगबानी बोलते, दक्षिणेकडील कुमासीच्या परिसरातील मूल ट्वी बोलते. दोघांनाही लिहिणे-वाचणे शिकायचे असते ते याच वयात.

शिक्षणातील खरी कोंडीही याच इयत्तांत आहे. २०१३ मध्ये दुसरीच्या विद्यार्थ्यांच्या वाचनक्षमतेची राष्ट्रीय पाहणी झाली. सरकारी शाळांतील बहुसंख्य मुलांना ना इंग्रजीतील, ना स्वतःच्या भाषेतील मजकूर समजून वाचता येत होता, असे तीतून दिसून आले. तिसरीपर्यंत वाचन न आलेले मूल चौथीत इंग्रजी पाठ्यपुस्तकासमोर बसते आणि त्यापुढील प्रत्येक वर्षी वर्गाच्या मागे पडत जाते. पटावर ते हजर असते, हजेरीपत्रकात त्याचे नाव असते. त्याचे शिकणे मात्र थांबलेले असते.

अशा दुसरीच्या वर्गात परदेशातून आलेला, दगबानीचा गंधही नसलेला सहायक काय करू शकतो? तो गाणी शिकवू शकतो, खेळ घेऊ शकतो, वह्या तपासू शकतो. मुलांना त्याचे आकर्षणही वाटते आणि त्याच्या येण्याने काही दिवस उपस्थिती वाढलेली दिसते. पण एखादे अक्षर मुलाला का अडते, हे समजून घेण्यासाठी लागणारे संभाषणच त्याला शक्य नसते. जेथे गरज सर्वाधिक, तेथेच त्याची उपयुक्तता सर्वांत कमी, असे हे त्रांगडे आहे. अल्पमुदतीच्या बहुतेक स्वयंसेवकांना मात्र नेमके याच वर्गांत पाठविले जाते. लहान मुलांना शिकविण्यासाठी विषयज्ञान लागत नाही, हा गैरसमज त्यामागे असतो.

मुंबईची बालसखी

मुंबईत नव्वदच्या दशकात स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने महापालिका शाळांसाठी बालसखी कार्यक्रम विकसित केला. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतील, शालान्त शिक्षण झालेली तरुणी. तिला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण दिले जाई आणि दरमहा ५०० ते ७५० रुपये मानधन मिळे. तिसरी-चौथीतील मागे पडलेली १५ ते २० मुले ती रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे. वाचन व अंकज्ञान यांच्या मूलभूत पायऱ्यांवर तिचा भर असे.

अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो व ली लिंडेन यांनी मुंबई आणि वडोदरा येथे या कार्यक्रमाची यादृच्छिक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी गुणांत ०.१४ प्रमाण विचलन, तर दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन इतकी वाढ आढळली. परीक्षार्थींनी या आकड्याचा अर्थ असा समजून घ्यावा : गुणानुक्रमे उभ्या केलेल्या १०० मुलांच्या रांगेत खालून ५० व्या जागी असलेले मूल ०.२८ च्या वाढीमुळे सुमारे ६१ व्या जागी पोहोचते. ही वाढ प्रामुख्याने बालसखीकडे गेलेल्या मुलांत दिसली. मागे राहिलेल्या मुलांचा वर्ग आकाराने लहान झाला होता, परंतु तेवढ्याने त्यांच्या गुणांत फरक पडला नाही. नुसती विद्यार्थिसंख्या कमी केल्याने शिक्षण सुधारते, या सर्वमान्य समजुतीला हा निष्कर्ष छेद देतो.

कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभरात ही वाढ बरीच ओसरून साधारण ०.१० वर आली, हेही नोंदविले पाहिजे. उत्साहाने लिहिलेल्या लेखांत ही बाजू सहसा गाळली जाते. बॅनर्जी व डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कार्यपद्धतीचा परिचय करून देताना बालसखीच्या अभ्यासाचा उल्लेख वारंवार होतो.

एका मुलामागे या कार्यक्रमाचा वार्षिक खर्च त्या वेळी सुमारे सव्वादोन डॉलर होता. एका परदेशी स्वयंसेवकाच्या जाण्यायेण्याच्या विमानप्रवासाला ९०० डॉलर लागतात असे गृहीत धरले, तर तेवढ्या रकमेत त्या काळच्या दराने ४०० मुलांना वर्षभर बालसखी मिळू शकली असती. किमती आज बदलल्या आहेत. प्रमाणाचा बोध मात्र या हिशेबातून होतो. अर्थशास्त्रज्ञ ज्याला संधी खर्च म्हणतात तो हाच.

घानातील स्थानिक सहायक

हीच कल्पना घानाच्या शिक्षण सेवेने २०१० नंतर पहिली ते तिसरीच्या वर्गांसाठी राबवून पाहिली. प्रथमच्या अनुभवाचा तिच्या आखणीत उपयोग करण्यात आला. राष्ट्रीय युवा रोजगार कार्यक्रमातून गावातील तरुण-तरुणींना सहायक म्हणून नेमण्यात आले. प्रयोगासाठी देशभरातील ५०० शाळा निवडून त्यांचे पाच गट पाडले गेले. एका गटात सहायकाने मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळेत शिकविले, दुसऱ्यात शाळा सुटल्यावर शिकविले. तिसऱ्यात वर्ग निम्मा वाटून घेऊन नेहमीचाच अभ्यासक्रम शिकविला. चौथ्या गटात सहायक नव्हता. तेथे शिक्षकांनाच पातळीनुसार गट पाडण्याचे प्रशिक्षण दिले होते. पाचवा गट तुलनेसाठी होता.

मुलांचे शिक्षण सुधारले, परंतु सुधारणा माफक होती. त्यामागील कारणांत अध्यापनपद्धतीपेक्षा प्रशासनाचा वाटा अधिक होता. सहायकांचे मानधन वेळेवर मिळेना. ते रखडले तशी त्यांची हजेरीही घटली. शिक्षणातील प्रयोग स्वयंसेवी संस्थेच्या हातून यशस्वी होतो आणि शासकीय यंत्रणेत गेल्यावर त्याची धार कमी होते, हा अनुभव भारतालाही नवा नाही. तरीसुद्धा गावातील सहायकाला मुलांची भाषा येत होती, पालक त्याच्या ओळखीचे होते आणि तो गावातच राहणारा होता. या तीन गोष्टी विमानाने आणता येत नाहीत.

परदेशी सहायकाचा तुलनात्मक लाभ कोठे?

याचा अर्थ परदेशी स्वयंसेवक निरुपयोगी, असा काढणे चूक ठरेल. तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त येथे कामी येतो. स्थानिक व्यक्ती ज्या कामात सरस आहे ते काम तिच्याकडे राहावे आणि बाहेरून येणाऱ्याने स्थानिक पुरवठा तोकडा आहे अशा ठिकाणी जावे. वरिष्ठ माध्यमिक शाळांतील गणित आणि विज्ञान हे विषय अशा जागांत मोडतात. तेथे अध्यापन इंग्रजीत चालते, विषयज्ञानाला महत्त्व असते आणि दुर्गम जिल्ह्यांत पात्र शिक्षक टिकत नाहीत.

याहून बोलके उदाहरण कर्णबधिरांच्या शिक्षणाचे आहे. घानातील कर्णबधिरांची पहिली शाळा १९५७ मध्ये अँड्र्यू फॉस्टर यांनी सुरू केली. ते स्वतः कर्णबधिर होते आणि अमेरिकेतील गॅलॉडेट महाविद्यालयातून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय कर्णबधिर विद्यार्थी होते. त्यांनी शिकविलेल्या अमेरिकी खुणांच्या भाषेतून आजची घानाची खुणांची भाषा घडली. परिणामी अमेरिकी खुणांची भाषा जाणणारा स्वयंसेवक घानातील कर्णबधिर शाळेत गेला, तर तो पहिल्या आठवड्यापासून मुलांशी बोलू लागतो. दगबानी वर्गात जी भिंत उभी असते, ती येथे जवळजवळ नसते. पीस कोअरने घानात कर्णबधिर शिक्षणासाठी स्वयंसेवक पाठविले त्यामागे ही सोय होती.

या सोयीलाही एक किंमत आहे. पूर्व प्रांतातील आदामोरोबे या खेड्यात आनुवंशिक बहिरेपणाचे प्रमाण मोठे असल्याने तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची वेगळी खुणांची भाषा विकसित झाली. ऐकू येणारे गावकरीही ती वापरत आले. त्या गावातील कर्णबधिर मुले शाळेत जाऊ लागल्यावर शाळेतील खुणांची भाषा शिकली आणि गावची भाषा क्षीण होऊ लागली. शिक्षणाच्या हिशेबात हा तोटा कोणत्या रकान्यात मांडावा, हे ठरविणे सोपे नाही.

संगणक शिक्षणाची स्थिती निराळी. कनिष्ठ माध्यमिकच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेत माहिती तंत्रज्ञान हा विषय आहे, पण अनेक ग्रामीण शाळांत संगणकच नाही. अशांती प्रांतातील बेतेनासे येथील शिक्षक रिचर्ड अपिया अकोतो यांनी २०१८ मध्ये रंगीत खडूंनी फळ्यावर ‘वर्ड’चा संपूर्ण पडदा रेखाटून शिकविल्याचे छायाचित्र जगभर गाजले. त्यानंतर शाळेला संगणक मिळाले, त्यांतील काही ‘एनआयआयटी घाना’ने दिले. तेथे शिक्षक होता, कल्पकता होती, साधन नव्हते. अशा शाळेत आणखी एक सहायक पाठवून काय साधणार?

पूरक की पर्यायी?

शाळेत आलेला सहायक हा शिक्षकाला पूरक ठरतो की पर्यायी, यावर त्याचा अंतिम परिणाम अवलंबून असतो. सहायकाने मागे पडलेली मुले हाती घ्यावीत व शिक्षकाने उरलेला वर्ग पुढे न्यावा, हे पूरकतेचे लक्षण. सहायक आला म्हणून शिक्षक वर्ग त्याच्यावर सोपवून अन्य कामास गेला, तर एका प्रशिक्षित व्यक्तीची जागा अप्रशिक्षित व्यक्तीने घेतली, एवढेच घडते. सहायक फुकट मिळत असल्याने जिल्हा कार्यालयही रिक्त जागा भरण्याची घाई करीत नाही. शून्य किमतीला मिळणाऱ्या श्रमाचा हा दुष्परिणाम अर्थशास्त्रात सुपरिचित आहे.

कालावधीचा प्रश्न याला जोडूनच येतो. पीस कोअरची सेवा २७ महिन्यांची असते. पहिले सुमारे तीन महिने स्थानिक कुटुंबात राहून भाषा व अध्यापन यांच्या प्रशिक्षणात जातात, उरलेली दोन वर्षे नेमणुकीच्या गावी. याउलट खासगी संस्था शुल्क घेऊन दोन-चार आठवड्यांसाठी तरुणांना पाठवितात. वर्षात आठ-दहा सहायक येऊन गेलेल्या वर्गात प्रत्येक नवा माणूस रंग आणि फळांच्या इंग्रजी नावांपासूनच पुन्हा सुरुवात करतो. स्वयंसेवकाचे शुल्क हा ज्या संस्थेच्या उत्पन्नाचा आधार असतो, तिचा खरा ग्राहक विद्यार्थी नसून स्वयंसेवक असतो. अनाथाश्रमांच्या बाबतीत या व्यवहाराचे अधिक गंभीर रूप दिसले. आश्रमांत ठेवलेल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळल्याने घानाने २००६ मध्ये बालसंगोपन सुधारणांचा कार्यक्रम हाती घेतला आणि मुलांना कुटुंबात परत पाठविण्याचे धोरण स्वीकारले.

दीर्घ मुदतीची सेवाही बाहेरच्या धक्क्यांपासून मुक्त नसते. कोविड महासाथीमुळे मार्च २०२० मध्ये पीस कोअरने जगभरातील आपले सुमारे ७ हजार स्वयंसेवक काही दिवसांत मायदेशी बोलावले. ते टप्प्याटप्प्याने परतू लागले ते २०२२ पासून. मधल्या काळात ज्या शाळेत गणित शिकविणारी ती एकच व्यक्ती होती, तेथील विद्यार्थ्यांची सोय गावात राहणाऱ्या शिक्षकांनाच करावी लागली.

भारतीय तरुणांसाठी सेवेचा मार्ग

भारतीय नागरिकांना आंतरराष्ट्रीय सेवेसाठी संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रम खुला आहे. त्यात वय व अनुभवानुसार वेगवेगळ्या श्रेणी असून १८ ते २६ वर्षे वयाच्या तरुणांसाठी स्वतंत्र श्रेणी आहे. निवड झालेल्यांना निर्वाहभत्ता मिळतो, उमेदवाराकडून शुल्क घेतले जात नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००१ हे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून पाळले. त्यानंतर २०२६ हे वर्ष शाश्वत विकासासाठी स्वयंसेवक वर्ष म्हणून घोषित झाले. भारताचे स्वतःचे सहकार्य बहुतांशी निराळ्या वाटेने गेले आहे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रमाचा भर माणसे पाठविण्यापेक्षा त्या देशांतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्यावर राहिला. अक्रा येथील माहिती तंत्रज्ञानाचे कोफी अन्नान केंद्र भारताच्या साहाय्याने २००३ मध्ये उभे राहिले.

घानाने प्राथमिक इयत्तांच्या प्रश्नासाठी आता शाळेतील शिक्षकांवरच भिस्त ठेवली आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१९ मध्ये मंजूर झालेल्या प्रकल्पात निकालात मागे असलेल्या सुमारे १० हजार शाळांचा समावेश असून, मुलांच्या पातळीनुसार शिकविण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना देणे हा त्याचा एक भाग आहे. या पद्धतीत दिवसाचा ठरावीक वेळ मुले इयत्तेप्रमाणे बसत नाहीत. अक्षरे येणारी एकीकडे, शब्द वाचणारी दुसरीकडे, परिच्छेद वाचणारी तिसरीकडे, आणि प्रत्येक गटासमोर त्यांची भाषा बोलणारी व्यक्ती, अशी ही मांडणी आहे.